कारण : पर्यटन

कोल्हापूरचा मुक्काम हलवला तेव्हापासून माझा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा घड्याळावर. आठवड्यावर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं होतं आणि त्याआधी तिला मालवणात, माहेरच्या दारात, ग्रामदेवीची ओटी भरायची होती. पालखी बाराला दारात येते, थोडी टेकते आणि निघते. चुकली की वर्ष गेलं.

फोंडाघाट उतरला की आईची भाषा बदलते. घाटाखालच्या हॉटेलात तिने निवांत घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) मागवले. मी उभ्या उभ्याच चहा ढोसला.

"वायच (जरा) बस रे," ती म्हणाली. मला कसलं बसवतंय!

साडेअकराला मालवणच्या वेशीवर गाडी अडवली. जत्रेमुळे बाहेरगावच्या गाड्यांना परवान्याशिवाय गावात प्रवेश नव्हता. मांडवातल्या कारकुनाने प्रमाण मराठीत सांगितलं, "अर्ज भरा. येण्याचं कारण लिहा." मागे रांग, अंगाला घामाच्या धारा. मी घाईत 'पर्यटन' लिहून मोकळा झालो.

"पर्यटकांची वाहने किनाऱ्यावरच्या वाहनतळावर. तिथून पायी जावे."

पायी म्हणजे दीड किलोमीटर, आणि आईला जिना चढवत नाही. माझं डोकंच फिरलं. वाद घालायला तोंड उघडणार, तोच आईने खिडकीतून तो कागद ओढून घेतला.

"पर्यटन? ह्यां कोणी लिवल्यान?"

"मी."

"तुझ्या बापाशीन माका पुण्याक नेल्यान, म्हणान मी हय (इथे) पावणी झालंय?" मग कारकुनाकडे वळून म्हणाली, "बाबा, मी पिंपळाकडच्या घरातलां चेडू (लेक). ओटी भरूक इल्लंय (आलेय)."

कारकून उठूनच उभा राहिला. प्रमाण मराठी गेली कुठल्या कुठे. "मगे आदी नाय सांगूक?" त्याने 'पर्यटन' खोडलं, वर 'माहेरवाशीण' लिहिलं आणि शिक्का मारला.

पुढची गल्ली अरुंद. चिऱ्याच्या गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला) घासून डावा आरसा गेला. जाऊ दे म्हटलं. ढोल जवळ येत होते आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मामीने आईला हाताला धरून उतरवलं, तेव्हा पालखी टेकून पुन्हा उचललीही होती.

आईचा हात तिथवर पोचेना. मला रडू यायचं बाकी होतं. पुढच्या भोयाने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मागच्यांना हाक दिली, आणि चौघे खांद्यावरची पालखी सांभाळत हळूहळू खाली बसले. आईने ओटी भरली. कितीतरी वेळ ती नुसती देवीकडे बघत राहिली, आणि कोणीही तिला घाई केली नाही.

जेवणात काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी होती. मी दोनदा भात घेतला. दिवसभरात पहिल्यांदा घड्याळ पाहिलं नाही.

परतताना घाटात मी विचारलं, "गुडघ्यासाठी काय मागितलंस?"

"मागूक खंय (कुठे) गेल्लंय?" आई म्हणाली. "तिका भेटूक गेल्लंय."