कपाटातलं वायफाय

वसतिगृहातून बोलणारी लेक व्हिडिओ कॉलवर पुन्हा गोठली. "आई, मला नोकरी लागली, पण..."

पण काय? वायरीचा माग काढत मी वायफायचा राऊटर शोधला, तर ह्यांनी तो लोखंडी कपाटात ठेवून दार लावलेलं!

"अहो, तिथे कशाला?"

"महागाची वस्तू. धूळ बसते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा लग्नातला शालू ह्याच कपाटात घडीवर विरला. चिनी मातीचे कप कधी बाहेरच आले नाहीत. जपायचं म्हणजे कोंडून ठेवायचं, एवढंच ह्या माणसाला कळतं.

मी दार सताड उघडलं. लेक हलली. "ऐकू येतंय का? नोकरी परदेशात आहे. बाबा सोडतील का गं?"

ह्यांचा हात कपाटाच्या दाराकडे गेला. मी उघड्या दाराला पाठ लावून घट्ट उभी राहिले.