फिर्यादी मीच होतो

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा ठाणेदार होतो आणि रोज घाबरायचो. हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. अशात वरून हुकूम आला: सगळ्या ठाणेदारांनी तीन दिवस नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला यायचं, बळाचा वापर कमी कसा करावा आणि लोकांचा विश्वास कसा मिळवावा ते शिकायला. डोंबलाचं नेतृत्व! खवळलेल्या जमावासमोर उभं राहून दाखवा म्हणावं, असं बडबडतच मी गेलो.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला स्वतः दिलेल्या एका लाठीमाराच्या हुकमाबद्दल बोलायला लावलं. माझी पाळी आली. मी मागच्या हंगामातला प्रसंग सांगितला. कापूस खरेदी केंद्राचं फाटक दोन दिवस बंद, बाहेर बैलबंड्यांची ही लांब रांग, माणसं तापलेली आणि फाटकावर आम्ही मूठभर. एकाएकी लोक बंड्यांच्या उभाऱ्या उपसायला लागले. उभारी म्हणजे कापूस सांडू नये म्हणून बंडीच्या कडेला खोवलेला लाकडी दांडका, चांगला मनगटाएवढा जाड. सगळ्यात पुढच्या माणसानं तो खांद्यापर्यंत उचलला आणि मी हुकूम दिला. त्याचा उजवा हात मोडला. जमाव हत्यारबंद होता, बळ वापरावंच लागलं, असं मी ठणकावून सांगितलं.

शेजारी दुसऱ्या तालुक्याचा ठाणेदार बसला होता, शेतकऱ्याच्या घरचा. त्यानं हळूच विचारलं, बंड्या भरलेल्या होत्या का? म्हटलं, गच्च.

"अरे, मग उभारी काढल्याबिगर बंडी खाली कशी होईन?" तो म्हणाला. "फाटक उघडत नाही म्हून माल ओतून राह्यले असतीन ते फाटकासमोर."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकून आणि मास्तर. कापूस मी पाहिला तो गादीतला. माझे निम्मे शिपाई शेतकऱ्यांची पोरं, पण हे लोक काय करताहेत असं मी त्यांतल्या एकालाही विचारलं नव्हतं. भीतीनं माझं डोकंच चालेनासं झालं होतं. आणि ज्याचा हात मोडला त्याच्यावरच हत्यारानं हल्ला केल्याचा खटला चालू होता. फिर्यादी मीच.

शेवटच्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्या माणसाला भेटून या, साध्या कपड्यांत, एकटे. त्याचं गाव घाटंजीच्या पुढं. गावाबाहेर मी मोटरसायकल दोनदा थांबवली. पाचावर धारण बसली होती. लोक मारतील ही भीती होतीच, पण तो माणूस समोर येईल, याची भीती जास्त होती.

तो ओसरीवर डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होता. मला पाहून ताडकन उभा राहिला. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं, पण ती आत गेली नाही. माझी चूक झाली, मला बंडीतलं काही कळत नाही, असं मी कसंबसं बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"अठी नोका सांगू, साहेब," तो म्हणाला. "कोर्टाच्या हरेक तारखेले जातो मी. तठी सांगा."

सांगतो, म्हणून बसलो आणि परत येताना स्वतःलाच शिव्या घातल्या. कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला! माझ्या वरच्या साहेबांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, अशी साक्ष दिलीस तर चौकशी लागेल, बढतीचं विसर. माझी झोप उडाली. आजारपणाची रजा टाकावी, बदली मागावी, काय काय मनात आलं.

तारखेला मी साक्षीला उभा राहिलो. आरोपीनं मारायलाच दांडका उचलला होता ना, असं सरकारी वकिलांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तो कापूस उतरवत होता. मी भ्यालो आणि हुकूम दिला."

आवाज मलाच ऐकू आला नाही. न्यायाधीशांनी मान वर केली आणि म्हणाले, मोठ्यानं बोला, लिहून घ्यायचं आहे. मग माझ्याच शिपायांच्या देखत मी ते पुन्हा सांगितलं.