मैदानात बसवलेली मेंढरं

पूर्णा जंक्शनला उतरून रामप्रसादमामांचं घर कुणालाही विचारा, रेल्वे कॉलनीच्या मागं, निळ्या दाराचं, असं लगेच सांगतील. पण मामा घरी सापडतील याची हमी कुणी देणार नाही. माणसानं आयुष्यभर पॉइंट्समनची नोकरी केली, गाड्या या रुळावरून त्या रुळावर घातल्या, आणि त्यातून जो वेळ उरला तो सगळा 'जंक्शन इलेव्हन' नावाच्या फुटबॉल क्लबात घातला. नोकरीनं निदान पेन्शन तरी दिली. क्लबानं काय दिलं ते त्यांच्या बायकोला, नर्मदाबाईंना विचारा. त्या म्हणतात, "सवत आणली असती तर तिनं भांडी तरी घासली असती."

बोलतात खरं, पण संघाच्या जर्सीवरचे आकडे चौतीस वर्षं त्यांनीच शिवलेत. जर्सी म्हणजे तरी काय, एका औषधाच्या दुकानानं उद्घाटनाला फुकट वाटलेले पिवळे टी-शर्ट. दुकान बंद पडून सहा वर्षं झाली, टी-शर्ट अजून मैदानात पळतायत. पोरं कोण, तर दोन ट्रॅकमन, तीन ऑटोवाले, एक नळ दुरुस्तीवाला, बाकीचे कॉलेजातले. बाहेरगावी मॅच असली की पॅसेंजरनं जायचं, तिकीट ज्याचं त्यानं काढायचं आणि भाकरी-ठेचा नर्मदाबाईंचा. विभागीय लीगच्या सगळ्यात खालच्या गटात खेळणाऱ्या क्लबाचा थाट याहून वेगळा कुठं असतो?

दरवर्षी लीगचा फॉर्म यायचा. त्यात 'मुख्य प्रायोजक' असा एक रकाना होता. मामांचं अक्षर मोत्यासारखं. बाकीचा फॉर्म ते झकास भरायचे आणि त्या रकान्यात पट्टी लावून एक सरळ रेघ ओढायचे. चौतीस फॉर्म, चौतीस रेघा. मामा कधी कुणाजवळ रडले नाहीत, पण ती रेघ ओढताना त्यांचा हात जरा जड व्हायचा, एवढं नर्मदाबाईंनी बघितलेलं होतं.

यंदा लीगवाल्यांनी नवीन नियम काढला. नोंदणी फी अकरा हजार. पहिल्या घरच्या मॅचच्या दिवशी निरीक्षक येणार, मैदान बघणार, फी घेणार आणि मगच शिट्टी वाजणार. मैदान नापास झालं किंवा फी कमी पडली, तर क्लबाचं नाव लीगमधून कायमचं कमी. मॅच कार्तिकातल्या एका रविवारी, मानवतच्या संघाशी. क्लबाच्या पत्र्याच्या डब्यात होते साडेतीन हजार. आणि मैदानाची ही तऱ्हा की, यंदाच्या पावसानं गवत कंबरेला लागत होतं. मशीनवाल्यानं कापायचे पाच हजार सांगितले. मामांनी हात जोडले आणि ते परत फिरले.

मग त्यांना रायभान आठवला. रायभान मेंढपाळ, पन्नाशीचा, बोलायला कमी आणि चालायला दांडगा. दिवाळी झाली की आपली तीनशे मेंढरं घेऊन बायकोसह, म्हणजे बानूबाईसह, तो पूर्णेच्या शिवारात उतरतो. शेतकरी त्याची वाटच बघत असतात. रात्रभर मेंढरं शेतात बसवली की त्या लेंडीखतावर पुढचं पीक तरारून येतं. रात्रीमागं चौदाशे रुपये, वर ज्वारी. त्याच्या रात्री लग्नाच्या तारखांसारख्या आधीच ठरलेल्या असतात.

"रायभान, मैदानातलं गवत तुझ्या मेंढरांना चालंल का रे?" मामांनी विचारलं.

"चालंल म्हंजे काय मामा, लय झाक गवत हाय."

तीन दिवस मेंढरं मैदानात चरली. सकाळी यायची, दिवस मावळायच्या आत जायची. गुरुवारी कंबरभर असलेलं गवत शनिवारी दुपारी असं एकसारखं झालं की मशीनवाला बघायला आला आणि वाकून गवत चाचपून गेला. मामांना निम्मा जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. उरलेला निम्मा पैशात अडकलेला होता. ते सेलूला गेले. तिथं जिनिंगमध्ये मुकादम असलेला त्यांचा जुना गोलकीपर होता. त्यानं चहा पाजला, खिसा उलटा केला आणि होते नव्हते ते पाचशे हातावर ठेवले. मामांना त्याचं फार वाटलं, कारण त्याच्या पायातली चप्पल त्यांनी बघितली होती. डब्यात चार हजार झाले. अजून सात हजार कमी होते.

जाताना मामा रायभानला एवढंच म्हणून गेले होते, "उद्या मोठा दिवस हाय. मैदान नीट दिसलं पाहिजे." आता हे वाक्य रायभाननं आपल्या परीनं मनावर घेतलं, त्याला कोण काय करणार?

रविवारी सकाळी सहाला मामा सायकलच्या कॅरिअरवर फक्कीचं पोतं बांधून मैदानाच्या रेषा मारायला निघाले. फाटकातून आत गेले आणि जागच्या जागी थांबले. एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत रायभाननं वाघर लावली होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची सुताची जाळी. आणि आत तीनशे मेंढरं ऐटीत रवंथ करत बसलेली. मधल्या वर्तुळात दोन एडके. गोलीच्या जागेवर तर दाटीवाटी. रायभान घोंगडी खांद्यावर टाकून उभा, आणि मुद्रा अशी की पोरीचं लग्न पार पाडलंय.

"हे काय केलंस?" मामांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"रातभर बसवली मामा. गोलीम्होरची जमीन पार उघडी पडली व्हती, काईच कस ऱ्हायला नव्हता तिच्यात. आता बगा, पुढच्या साली कसं गवत येतं तिथं."

मामा चौतीस वर्षांत पंचावर ओरडले नव्हते, पोरांवर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "पुढचं साल कुणी बघितलंय? दहाच्या गाडीनं निरीक्षक यायलाय! शेत हाय का हे मेंढरं बसवायला? तुला फुटबॉलातलं काय कळतंय रे?" सायकल त्यांनी तिथंच आडवी टाकली. पोतं फुटून फक्की सांडली.

रायभाननं आधी ती फक्की दोन्ही हातांनी गोळा करून पोत्यात भरली. मग सावकाश म्हणाला, "न्हाई कळत मामा. जमिनीतलं कळतं. माह्याजवळ द्यायला दुसरं काय हाय? सोळा सालचं पाणी फेडायचं ऱ्हायलं व्हतं."

"कसलं पाणी?"

मामांना खरंच आठवत नव्हतं. बानूबाई पुढं आली. ती नवऱ्यापेक्षा बोलकी. तिनं सांगितलं, सोळा सालच्या दुष्काळात ते दोघं मेंढरं घेऊन याच फाटकाशी आले होते. वाटेत बारा मेंढरं तहानेनं मेली होती. मैदानात पाण्याचे दोन टँकर उभे होते, धूळ बसवायला आणलेले, कारण दुसऱ्या दिवशी मॅच होती. मामांनी मेंढरांकडं बघितलं आणि टँकरवाल्याला म्हणाले, खड्ड्यात ताडपत्री टाक आणि सोड पाणी. दोन्ही टँकर मेंढरांना पाजले. दुसऱ्या दिवशी मॅच धुळीत झाली, पाहुण्या संघानं तक्रार केली आणि क्लबाला दंड बसला.

"दंडाचं आमाला मागून कळलं," बानूबाई म्हणाली. "तवापासून ह्यांच्या जिवाला घोर हाय. त्या दिवशी दोनशे मेंढरं जगली मामा. आज ही तीनशे दिसायलीत ना, समदी त्यांचीच लेकरं-नातवंडं हायत."

मामांनी मैदानाकडं बघितलं. एक कोकरू उठून आळस देत होतं. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी लाज आली. आपण विसरून गेलो ते या माणसानं नऊ वर्षं उराशी धरून ठेवलं. त्यांनी रायभानचा फक्कीनं पांढरा झालेला हात हातात घेतला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तोंडाला आलं ते बोललो."

"ते ऱ्हाऊ द्या," रायभान म्हणाला. "आता झाडायचं कसं ते सांगा."

मेंढरं बाहेर काढली. बानूबाईनं तुराट्यांचे खराटे आणले. पोरं खेळायच्या कपड्यांतच झाडायला लागली. नर्मदाबाई सुपं आणि टोपली घेऊन आल्या आणि मैदान बघून एवढंच म्हणाल्या, "मी म्हणतच होते, एक दिवस याचा गोठा होणार." नऊच्या सुमाराला मानवतचा संघ आला. त्यातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची. काय झालंय हे त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनी बॅगा ठेवल्या आणि मिळेल त्या टोपल्या उचलल्या. ज्यांच्याविरुद्ध खेळायचं ती पोरं आपलं मैदान साफ करतायत, हे बघून मामांना भरून आलं आणि ते उगाचच फक्कीच्या पोत्याची गाठ सोडत बसले.

मैदानाला लागून बन्सीधररावांचं शेत आहे. चांगली वीस एकर जमीन, माणूस व्यवहाराला चोख. टोपल्या भरून खत बाहेर पडतंय हे त्यांनी बांधावरून बघितलं आणि ते तरातरा आले. "अहो, हे सोनं कुठं फेकायलात? माझ्या रानात टाका." मग ते रायभानकडं वळले. "दोन साल झाले मी तुला रात्री मागायलोय, तू म्हणतोस जागा न्हाई. आन् फुटबॉलच्या मैदानात बरी जागा निघाली?"

रायभाननं बोटांची पेरं मोजली. मनात हिशेब करत असावा. मग म्हणाला, "मालक, पाच रात्री बसवतो तुमच्या रानात. उद्यापासनं. पुढल्या गावाला जायच्या आधी चार दिस आमी थांबणार व्हतो, त्यात एक वाढवतो. पर पैसे आजच द्यायचे आन् ते माह्या हातात न्हाई. मामाच्या डब्यात."

पाच रात्रीचे सात हजार. कमी पडत होते तेवढेच. त्याला आकडा कुणी सांगितला, असं मामांनी नर्मदाबाईंकडं बघितलं, तर त्या टोपलीत काहीतरी शोधायला लागल्या.

"न्हाई रायभान," मामा म्हणाले. "पाच रात्रींची कमाई म्हणजे तुझ्या घराचा महिनाभराचा बाजार. मी घेणार न्हाई."

"तवा आमी घेतलं का न्हाई पाणी? तुमाला इचारलं व्हतं का, मॅचचं कसं?"

मामांनी नर्मदाबाईंना डबा आणायला सांगितलं. बन्सीधररावांनी घरून पैसे आणून दिले. ज्वारी मात्र रायभानलाच देईन, असं त्यांनी बजावून सांगितलं. व्यवहारी माणूस असला तरी मन जाग्यावर होतं.

दहाच्या गाडीनं निरीक्षक आले. पंडित सर, चष्मेवाले, हातात टेप. त्यांनी मैदान मोजलं, रेषा बघितल्या, मग नाक जरासं वर करून हवा हुंगली. "गवत फार छान कापलंय. कुणी कापलं?"

"तीनशे जणांनी," मामा म्हणाले. फाटकाबाहेर ते तीनशे जण उभेच होते.

"आणि गोलच्या जाळ्या?"

मामांनी क्लबाच्या खोलीकडं बघितलं. जाळ्या खोलीत होत्या आणि उंदरांनी त्यांच्या झालरी केल्या होत्या. पण रायभान तोवर वाघर खांद्यावर घेऊन निघालासुद्धा होता. त्यानं आणि पोरांनी तिच्या पट्ट्या सुट्या करून दोन्ही गोलांना आवळून बांधल्या. पंडित सरांनी जाळी ओढून बघितली, बॉल हातानं मारून बघितला. बॉल अडला. "मजबूत आहे," ते म्हणाले आणि त्यांनी बरोबरची खूण केली.

त्या दिवशी जंक्शन इलेव्हन दोन-एकनं हरली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच वाट बघत बसणार नाही. पण मामांच्या लेखी खरी गोष्ट शिट्टी वाजायच्या आधी झाली.

पंडित सरांनी पैसे मोजून घेतले आणि फॉर्म पुढं केला. मामा सायकलच्या सीटवर कागद ठेवून भरायला लागले. क्लबाचं नाव, गाव, साल. 'मुख्य प्रायोजक'पाशी आल्यावर सवयीनं हात खिशातल्या पट्टीकडं गेला. पट्टी बाहेर काढली, तिच्याकडं बघितलं आणि परत खिशात ठेवली. आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'रायभान, मेंढपाळ'. पुढं 'स्वरूप' असा रकाना होता. तिथं लिहिलं, 'पाच रात्री'.

पंडित सरांनी वाचलं. काहीतरी विचारणार होते, पण त्यांनी फाटकाकडं बघितलं, वाघरीकडं बघितलं आणि कागद मामांकडं परत सरकवला.

रायभानला वाचता येत नव्हतं. तो जवळ येऊन उभा राहिला. "काय लिवलं मामा?"

"तुझं नाव. हा क्लब तुझ्यामुळं उभा हाय, असं."

रायभाननं त्या अक्षरांवरून एक बोट हळूच फिरवलं. मग त्यानं मागं वळून बघितलं. बानूबाई खराटा टेकून एका कोकराच्या पायातला काटा काढत होती.

"मग हिचं बी लिवा," तो म्हणाला. "मेंढरं हिच्या बापानं दिलेली हायत."

मामांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. रायभानच्या नावाआधी थोडी जागा शिल्लक होती. तिथं त्यांनी बारीक अक्षरात 'बानूबाई आणि' लिहिलं.