तीन वेळा पाहिलेलं देऊळ

पिंप्राळ्यात कुणाची सोयरीक ठरायची असली की आमच्या शेजारच्या नानांना बोलावणं जायचं. मुलीच्या घरी सगळे बैठकीत पोहे खात बसले की नाना "पानी पी येस" म्हणत उठायचे आणि थेट स्वयंपाकघरात शिरायचे. माठावरचं झाकण उचलून बघायचे, मागच्या दाराने बाहेर पडून शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलून यायचे. परतलेल्या नानांचा चेहरा पाहूनच वरपक्षाला कळे, चहा घ्यायचा की गाडी काढायची. त्यांचा उभा जन्म जिनिंगमध्ये कापूस खरेदीत गेला होता. "वरना कापूस बठ्ठासनाच चांगला ऱ्हास," वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो, असं म्हणायचे आणि माणसांनाही तोच नियम लावायचे. मी शेजारी राहायला आलो तेव्हा मलाही त्यांनी वर्षभर पारखलं, मग कुठे 'सर' म्हणायला लागले.

बायको गेल्यावर घरात ते एकटेच. एकुलता एक मुलगा निलेश मेक्सिकोत इंजिनीअर होता. तिथल्या जंगलात माया लोकांची हजार वर्षांपूर्वीची देवळं आहेत, ती पाहायला गेल्याचे फोटो त्याने पाठवले. काही महिन्यांनी पुन्हा तिथलेच पाठवले. तिसऱ्यांदा आले तेव्हा नाना मोबाइल घेऊन माझ्या ओट्यावर आले.

"एक डाव गया ते देऊळ देखाले गया. तीन डाव गया म्हंजे देव येगळा शे, सर."

मी हसण्यावारी नेलं. त्यांनी फोटो मोठा करून दाखवला. निलेशच्या पायाशी फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. "सावलीले येनी शे," नाना म्हणाले. मी चष्मा पुसून पाहिलं. वेणी होती खरी.

नानांनी पोराला एका शब्दाने विचारलं नाही. मरायच्या आधी ती देवळं पाहायची आहेत, एवढंच कळवलं. एकट्याने विमानात बसायची त्यांची तयारी नव्हती आणि मी जन्मभर इंग्रजी शिकवलेला, म्हणून माझं तिकीट निघालं. तिथे सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. माझ्या इंग्रजीला कुत्रंही विचारत नव्हतं.

त्या जंगलात शिरताना आमच्यापुढे एक सावळी, ठेंगणी मुलगी चालत होती. ही आपली गाईड, इत्सेल, असं निलेशने सांगितलं आणि उगाच बुटाची नाडी बांधायला वाकला. तिची वेणी कमरेपर्यंत होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी झाडांकडे पाहिलं. देवळं मात्र खरोखर डोळे दिपवणारी. उंच दगडी पायऱ्या, त्यांच्या फटींतून घुसलेली मुळं, आणि मध्येच वाघाने डरकाळी फोडावी तसा आवाज. तो माकडांचा आवाज, असं इत्सेलने सांगितलं. नाना म्हणाले, "भोंगा लायेल व्हई." झाडावरचं माकड तोंड उघडून ओरडताना दाखवलं, तरी ते बराच वेळ आसपास वायर शोधत होते.

दुपारी सावलीत बसलो. निलेश बाटली तोंडाला लावून पाणी प्यायला, मग त्याच बाटलीने इत्सेल, मग पुन्हा तो. ह्या पोराने लहानपणी आईच्या उष्ट्या पेल्यालाही कधी तोंड लावलं नव्हतं. नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"माले तिना घर लई चाल," ते निलेशला म्हणाले. पोराच्या तोंडचं पाणी पळालं.

घर जवळच्याच खेड्यात होतं. पाल्याने शाकारलेलं, जमीन चोपून केलेली. तिची आई तव्यावर मक्याच्या भाकरी टाकत होती. नाना पाण्याच्या निमित्ताने उठून माठापर्यंत जाऊन आले. पण खरी पंचाईत पुढेच होती. तिचा बाप फक्त त्याची माया भाषा बोलायचा. त्याचं बोलणं इत्सेल स्पॅनिशमध्ये सांगायची आणि ते निलेश मराठीत. म्हाताऱ्याने लांबलचक काही विचारलं. निलेशने सांगितलं, ते विचारताहेत प्रवास कसा झाला.

"एवढं मोठं बोलना तो, आनि तू एवढंसंच सांगस?" नाना म्हणाले. समोरचा म्हाताराही डोळे बारीक करून लेकीकडे बघत होता. त्यालाही तोच संशय. दोघांचा दुभाषा म्हणजे नेमके ज्यांच्यावर भरवसा नाही तेच दोघं.

"तुम्ही दोन्ही बाहेर जा," नाना म्हणाले. "आम्हनं आम्ही बोलसूत."

पोरं अंगणात गेली. दोन म्हातारे समोरासमोर बसले, मी कोपऱ्यात. बराच वेळ नुसतं एकमेकांना निरखणं चाललं होतं. मग त्या बापाने दाराबाहेर उभ्या लेकीकडे बोट दाखवलं, हात आभाळात दूरवर नेला आणि नानांकडे पाहिलं. हिला तिकडे घेऊन जाणार का, एवढंच त्याला विचारायचं होतं. ते समजायला कुठलीही भाषा लागत नव्हती.

 नानांचं पिंप्राळ्यातलं रिकामं घर माझ्या डोळ्यांसमोर आलं. वाटलं, आता हे उठतील आणि गाडी काढायला सांगतील. नानांनी पंजा उघडला आणि त्या घराच्या जमिनीवर दोनदा थोपटला. इथेच.

त्या माणसाने बाहीने डोळे पुसले. नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले.

परतताना विमानतळावर निलेश त्यांच्या पाया पडला. नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, वेळेवर जेवत जा म्हणाले आणि वळले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, नाना, निदान घरी कधी येशील, एवढं तरी त्याला विचारायचं होतं.

नाना चालतच होते.

"इचारं असतं ते पोऱ्याले खोटं बोलनं पडतं, सर," ते म्हणाले. "आनि मी इसवास ठेवी देतू."