टाकीतलं गाणं

बेल्जियममधल्या ज्या मठात मी पाहुणी म्हणून गेले होते, तिथले साधू भिंतीपलीकडच्या स्वतःच्या शेतातल्या बार्लीची बिअर बनवतात. एरवी ते फारसं बोलतही नाहीत. म्हणून बिअरच्या रिकाम्या टाकीच्या तोंडातून गाण्याचा आवाज आला तेव्हा मी दचकलेच.

टाकीपाशी एक म्हातारे साधू दोर धरून उभे होते. दोराचं दुसरं टोक आत उतरून टाकी घासणाऱ्या साधूच्या कमरेला होतं.

"बिअर आंबते तेव्हा तळाशी जीवघेणा वायू साचतो," ते हळूच म्हणाले. "टाकी रिकामी केली तरी तो उरतो, आणि दिसत नाही. म्हणून आत उतरलेल्यानं गात राहायचं. ऐकू येतंय तोवर काळजी नाही."

तेवढ्यात गाणं थांबलं. म्हाताऱ्यांच्या मुठी दोरावर आवळल्या. मग आतून खाकरल्याचा आवाज आला आणि तीच ओळ पुन्हा सुरू झाली.

आपणही घरोघरी असेच दोर धरून उभे असतो की. आत भांडी वाजतात, जिन्यात चपला वाजतात, पलीकडच्या खोलीत कुणी खोकतं. त्याची कटकट वाटते, पण त्याच्याच भरवशावर आपल्याला झोप लागते.

परवा आई न्हाणीघरात नेहमीसारखी स्तोत्र म्हणत होती. मधेच थांबली. मी धावत जाऊन दार ठोठावलं.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं. पुढची ओळ आठवत नाहीये."

तिला लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र! ओळ मला येत होती, पण ती मला तिच्याच तोंडून ऐकायची होती. दाराला कान लावून मी नुसती वाट पाहत राहिले.