दोर माझ्या सॅकमध्ये होता

दिगंबर गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही, ती मीच कळवली. कन्नडच्या पुढं त्या डोंगरात मोबाइलला रेंज मिळते ती एका बोरीच्या झाडाखाली. तिथं उभा राहून मी त्याच्या बायकोला, मंगलवहिनींना, फोन लावला आणि तोंडातून जे मोडकंतोडकं निघालं ते सांगितलं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. उशिरा जेवायला येणाऱ्या नवऱ्यासाठी वरण शिजत होतं. वहिनींनी एवढंच विचारलं, "दोर नव्हता का, भाऊजी?" मी म्हणालो, "नाही वहिनी, दोर नव्हता." आज सहा आठवडे झाले. दोर होता. माझ्याच सॅकमध्ये, पाण्याच्या बाटलीखाली, नीट गुंडाळून ठेवलेला. पोलिसांनी सॅक उघडून पाहिली, लिहूनही घेतलं, पण ते कागद वहिनींना कोण वाचून दाखवणार? दहाव्याला चार माणसांनी माझा खांदा थोपटला, 'तुम्ही तरी काय करणार' म्हणाले, आणि मी निर्लज्जासारखी मान हलवली. पेपरच्या पुरवणीसाठी दिगंबरच्या आठवणी लिहून द्या असं सांगणं आलं तेव्हा ठरवलं, आधी हे लिहायचं आणि मग बाकीचं.

आमच्या घराण्यात उभ्यानं काम कुणी केलेलंच नाही. आजोबांची भिक्षुकी पाटावर, वडिलांची कारकुनी खुर्चीत आणि माझी विमा कार्यालयातली नोकरीही खुर्चीतच. टेबलाच्या काचेखाली मी देवगिरीचा एक फोटो सरकवून ठेवला होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक रुंद हाडाचा, सावळा माणूस मोटारसायकलच्या अपघाताचे कागद घेऊन आला. मूळचा लासूर स्टेशनकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शेंद्र्याला कारखान्यात मेंटेनन्सला लागलेला. कागद राहिले बाजूला, हा फोटोकडं बघून म्हणतो कसा, "पंत, किल्ला काचेखालीच ठेवता, का कधी चढता बी?" मला राग आला. मला राग पटकन येतो. म्हणालो, "चढतो की!" साफ खोटं. "मग रविवारी या," तो म्हणाला, "बाटली अन् भाकरी घ्या, चपला नका घालू." अशी आमची ओळख. तेव्हापासून मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला शेवटपर्यंत 'पंत' आणि 'तुम्ही' म्हणत राहिला, त्यातही चेष्टाच जास्त.

शेळीची पाठ हे नाव खालच्या वाडीतल्या लोकांनी दिलेलं. दोन डोंगरांना जोडणारी कातळाची धार आहे ती, सव्वाशे पावलांची. रुंदी कुठं हातभर, कुठं दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढीच. उजव्या हाताला खानदेश, डाव्या हाताला आपला मराठवाडा, आणि दोन्हीकडं खाली बघायची सोय नाही. घारी तिथं आपल्या पायाखालून उडत जातात. पहिल्यांदा दिगंबरनं माझ्या कमरेला दोर बांधून मला तिथं नेलं, आणि मध्यावर मी मटकन खाली बसलो. खरं सांगतो, मला रडू फुटलं. तो पुढं होता. वळला नाही, धारेवर तो कधीच वळायचा नाही. तसाच समोर बघत म्हणाला, "पंत, बूड टेकवून सरका. लाज कसली? दरीला आपलं आडनाव माहीत नाय." मी सरकत सरकत गेलो, पँट फाटली, पण पोचलो. घरी बायकोनं पँटचं विचारलं तर सांगितलं, खुर्चीचा खिळा लागला.

तिसऱ्या वर्षी माझा दोर सुटला. हा आमच्या टोळक्याचा शब्द. नव्या माणसाला दोर बांधून न्यायचं, पण एकदा का तो बिनदोराचा पलीकडं गेला की त्याचा दोर सुटला. परतताना खुलताबादला गाडी थांबवून त्याला जिलबी चारायची आणि त्यानंतर जन्मात कधी त्याला दोर विचारायचा नाही. विचारणं म्हणजे त्याची इज्जत काढणं, चार लेकरांच्या बापाला बोट धरून रस्ता ओलांडायला लावणं. हा नियम दिगंबरचाच. लाज कसली म्हणणारा तोच आणि हा नियम करणाराही तोच! मी हे त्याला एकदा तोंडावर म्हणालो तर हसला, "लाज पहिल्या डावाला नसती, पंत. नंतर लागती." आज हे लिहिताना सगळं किती बावळटपणाचं वाटतं... पण ती जिलबी खाताना मी चाळिशीचा बाप्या अक्षरशः लहान पोरासारखा खूश झालो होतो. प्रमोशनचे पेढे मला तेवढे गोड लागले नव्हते.

गेल्या दिवाळीपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. सिडकोतल्या त्याच्या घराचा जिना उतरताना तो भिंतीला हात लावून उतरू लागला. सोफ्यावरून उठला की लगेच चालायचा नाही, क्षणभर तसाच उभा राहायचा, काही विसरलंय आणि आठवतोय असं तोंड करून. मी विचारलं नाही. मग एकदा चहाच्या टपरीवर तोच म्हणाला, "सायबानं शिडीचं काम काढून घेतलं माझं. म्हणतो, काका, तुम्ही खालूनच सांगत जा." हसून बोलला, पण चहा अर्धा तसाच ठेवला. "का रे?" म्हटलं. "उठलं की गरगरतंय जरा. गोळ्या बदलल्यात. हिला बोलू नका, लई जीव खाती." रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. मी म्हणालो, डोंगर थोडे दिवस बंद ठेवू. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी लगेच बशी उचलून विषय बदलला.

त्या रविवारी आमच्याबरोबर बँकेत काम करणाऱ्या दोन मुली होत्या, पहिल्यांदाच येणाऱ्या. दोर त्यांच्यासाठी घेतलेला. पद्धत ठरलेली: दिगंबर मोकळा पुढं जाऊन पलीकडं बसणार, मग मी दोर काढून एकेकीला बांधून नेणार. वाडीत सरपणाची मोळी घेतलेली एक बाई भेटली. म्हणाली, "आज वारं वंगाळ हाय, नका जाऊ." दिगंबर म्हणाला, "मावशी, वारं वळखीचं हाय आपल्या." एरवी त्याच्या अशा बोलण्याचा मला दिलासा वाटायचा, त्या दिवशी वाटला नाही. चढताना तो दोनदा थांबला. घाम आम्हा सगळ्यांनाच आला होता, पण त्याचा कपाळावरचा घाम वेगळा दिसत होता, ओठही पांढुरके. धारेच्या तोंडाशी आलो तर खानदेशाकडून येणारा वारा कानात इतका भरला, की शेजारचा काय बोलतोय ते कळेना. दिगंबर बूट आवळायला खाली बसला. उठताना त्यानं कातळावर तळवा टेकला. उभा राहिला, परत टेकला. मुलींच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

माझा हात सॅकच्या चेनवर गेला. चेन मी उघडलीसुद्धा. दिगंबरनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काय, पंत?" एवढंच. त्या दोन मुली बघत होत्या, त्यांच्यादेखत त्याला नव्या माणसासारखा दोर कसा द्यायचा... बावीस वर्षांत ज्यानं मला एकदाही हसून कमी लेखलं नाही त्याला कमीपणा कसा आणायचा, हेच माझ्या डोक्यात. मी म्हणालो, "काही नाही. पाणी." आणि बाटली काढली. तहान नव्हती, तरी दोन घोट प्यालो, खोटं पूर्ण करायला. तो वळून निघाला.

सत्तर-ऐंशी पावलं गेला. नेहमीसारखाच, सावकाश, समोर बघत. मग थांबला. डावा हात बाजूला नेला आणि चाचपू लागला. जिना उतरताना भिंत चाचपायचा, अगदी तसाच. तिथं भिंत नव्हती. मी हाक मारली की नाही, मला आठवत नाही. मुली म्हणतात मारली नाही. तो ओरडला नाही. एक धोंडा सुटला तो बराच वेळ खाली जात असल्याचं ऐकू येत राहिलं, आणि नंतर पुन्हा नुसता वारा. एक मुलगी माझं मनगट धरून म्हणत होती, "काका, दोर, काका, दोर काढा." दोघींना हाताला धरून मी खाली आणलं आणि त्या बोरीखाली उभा राहिलो.

हा मजकूर छापायला देण्याआधी परवा मी तो घेऊन वहिनींकडं गेलो. पेपर त्यांच्याकडंही येतो. असं वाचून कळायला नको. दिगंबरच्या मागच्या खोलीत बसलो. फळीवर लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये त्यानं नट-बोल्ट मापाप्रमाणं लावून ठेवलेत, प्रत्येक बरणीवर त्याच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात चिठ्ठी. कारखान्यातून आला की तो इथं बसायचा, काहीतरी खोलायचा, परत जोडायचा. वहिनी मेथी निवडत होत्या. मी वाचायला सुरुवात केली. 'दोर होता' या शब्दांशी आलो आणि कागद खाली ठेवला. त्या मान वर न करता म्हणाल्या, "वाचा." मी सगळं वाचलं, पाण्याचं खोटं वाचलं, शेवटही वाचला. मेथीची जुडी संपली होती तरी त्यांची बोटं काड्या मोडतच होती. मला वाटत होतं त्यांनी रडावं, मला घराबाहेर काढावं. मीच हात जोडले. म्हणालो, "वहिनी, मी चुकलो. फोनवरही खोटं बोललो तुमच्याशी."

"तुम्ही दोर दिला असता," त्यांनी विचारलं, "तर घेतला असता का त्यांनी?"

खोटं बोलायची आता ताकदच नव्हती. "नसता घेतला. शिव्या घातल्या असत्या मला."

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई शिव्या घातल्या असत्या." जरा हसल्यासारखंही केलं त्यांनी. मग हातातल्या काड्या ताटात टाकल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून म्हणाल्या, "पण नाय म्हणायचं काम त्यांचं होतं, भाऊजी. तुम्ही विचारायचं होतं."