ड्रिलिंगला मोजणी समजलेली माझी आत्या

फसवली गेली माझी आत्या, गव्हाणची. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊला, पनवेलमधल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात. प्लॉट विकून म्हातारपणासाठी ठेवलेले सगळे पैसे तिने बाजार उघडताच एका छोट्या खाणकंपनीत घातले.

कंपनी कसली? परराज्यात कुठेतरी डोंगर, त्यात म्हणे रेअर अर्थ, म्हणजे विजेच्या गाड्यांना लागणारी दुर्मिळ खनिजं. खाण नाहीच. जमिनीत भोकं पाडून नमुने काढणं तेवढं चालू होतं. पण दलालाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आरोळी: 'ड्रिलिंग सुरू! आत्ता घ्या, नंतर रडाल.'

मी विचारलं, "आत्या, भोक पाडलं म्हणजे माल निघाला का?"

"तू नको शिकवू गो," ती म्हणाली. "आपल्या शेतात मोजणीचा पयला दगड रोवला तवा तुजा बापूस पण हसलेला. नाय गेली जागा? आन् मंग भाव कुठं गेला?"

तिचं काय चुकतंय ते तेव्हा मला कळलं. आमच्या पट्ट्यात भूसंपादनासाठी सरकारी मोजणीवाले आले की प्रकल्प येतोच. आम्ही कितीही मोर्चे काढले तरी येतो. दगड पडतो, जागा जाते, उरलेल्या जागेला भाव चढतो. ती ड्रिलिंगला मोजणी समजली. आणि हे तिच्या डोक्यात पक्कं कुणी केलं? मीच. जमीन बचाव चळवळीत मी काढलेल्या पहिल्या पत्रकाचा मथळा होता, 'मोजणी झाली की जमीन गेली!' ते तिने देव्हाऱ्यात घडी करून ठेवलंय. खाणीचं तसं नसतं. भोकं पाडतात, हाती काही लागलं नाही की तंबू गुंडाळून जातात. हे सांगणारं पत्रक मी कधी काढलंच नाही.

महिनाभर शेअर चढला. आत्याचे रोज फोन. "काय गो मोर्चेवाली, तुज्या घोषणांनी कदी काय चढलं काय?"

मग कंपनीने कळवलं, नमुन्यांचे निकाल अपेक्षेपेक्षा कमी. दुसऱ्या दिवसापासून लोअर सर्किट. म्हणजे भाव रोज मर्यादेच्या तळाला जातो आणि घेणारा कुणी उभाच राहत नाही. विकायचं तरी कुणाला?

आता बाजार उघडताना मी तिच्या शेजारी बसते. ती फोनवर विकायचं बटण दाबते. ऑर्डर पडून राहते. ती माझ्याकडे बघते, जणू मला पुढचं ठाऊक आहे. मला नाही ठाऊक.

काल तिचा फोन वाजत होता. तिने नाव वाचलं. मग हळूच म्हणाली, "आपटा गावची विहीण हाय. तिनं पण घेतलेत. मीच तो मेसेज पाठवलावता तिला."

"उचल," मी म्हटलं.

तिने नाही उचलला.

दलाल म्हणतो, "मॅडम, बाजार आहे, रिस्क असतेच." अरे, मग ग्रुपवर हा शब्द का नव्हता? आणि तुझे स्वतःचे शेअर तू कधी विकलेस, ते दाखव! दाखवत नाही. मी शेअर बाजाराच्या नियामकाकडे लेखी तक्रार केलीय. उत्तर येईल तेव्हा येईल, भाव तोवर थांबणार नाही.

असला मेसेज तुम्हीही कुणाला तरी पुढे ढकलला असेल. खोटं बोलू नका. ज्यांना ज्यांना पाठवलात, त्या प्रत्येकाला आज, हे वाचून झाल्या झाल्या फोन लावा आणि सांगा: मला यातलं काही कळत नव्हतं, माझ्या भरवशावर पैसे घालू नका.